रस्त्याच्या नावाने साठ टक्के

रस्ता सर्वांचा असतो, म्हणून त्याला कोणाचा विरोध असू शकत नाही, असे मानण्याची रीत पडून गेली आहे. धरणाला विरोध होतो, कारखान्याला होतो, बंदराला होतो. त्यांची निदान चर्चा तरी होते. परंतु नकाशावर आखलेल्या रस्त्याला हरकत घेणारा शेतकरी एक तर अडाणी ठरतो, नाही तर दलालांच्या नादी लागलेला. रायगडच्या किनारपट्टीवरील पनवेल, उरण आणि पेण या तालुक्यांत गेली काही वर्षे आगरी, कोळी, कराडी आणि कुणबी कुटुंबांवर हाच शिक्का मारला जात आहे. ही कुटुंबे रस्त्याला विरोध करीत नाहीत. रस्त्याच्या नावाखाली जमिनीचे जे वाटप चालले आहे त्याला ती विरोध करीत आहेत. हा भेद शासनाला समजत नाही असे मुळीच नाही. तो त्याला समजून घ्यायचा नाही.

जमिनीचे भूखंड कसे पाडावेत, किती लांबीच्या रस्त्याला किती रुंदी असावी, मोकळी जागा किती सोडावी, हे नियम वरवर पाहता भूमितीचे वाटतात. प्रत्यक्षात ते मालकीचे नियम आहेत. कोणाच्या जमिनीतून रस्ता जावा, रस्त्यालगतची जागा कोणी विकावी आणि त्या विक्रीचा नफा कोणाच्या पदरात पडावा, याचा निवाडा हे नियम करतात. म्हणूनच ते तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसण्याचा विषय नव्हेत.

महाराष्ट्र शासनाने १० जानेवारी २०१३ रोजी नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र जाहीर केले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘नैना’ असे रुळले. आरंभी या क्षेत्रात २७० गावे होती आणि त्यांतील बहुतेक रायगड जिल्ह्यातील. विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून सिडकोची नेमणूक झाली. प्रारंभी असे सांगण्यात आले की, शेतकऱ्यांनी स्वेच्छेने जमिनी एकत्र कराव्यात, ४० टक्के जमीन सिडकोला द्यावी आणि ६० टक्के स्वतःकडे ठेवावी. योजना ऐच्छिक होती. परंतु अनेक हेक्टर जमीन एकसंध जमवणे हे शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हते, ते विकासकाचेच होते. पुढे ही वाट मागे पडली आणि १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालील नगररचना परियोजनांचा मार्ग धरण्यात आला. त्यासरशी आकडे उलटे झाले. आता शेतकऱ्याला ४० टक्के आणि प्राधिकरणाला ६० टक्के. आधीची योजना संमतीवर तरी उभी होती. नव्या मार्गात संमतीची आवश्यकता उरली नाही. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, लवाद नेमला जातो आणि अंतिम भूखंडाचा क्रमांक शेतकऱ्याच्या हाती पडतो. पहिल्या टप्प्यात पनवेल तालुक्यातील २३ गावांच्या शिवारावर अशा परियोजना एकामागून एक अंथरण्यात आल्या.

शासनपक्षाचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे, कारण तो कागदावर बिनतोड दिसतो. शेतकऱ्याची जमीन ६० टक्क्यांनी कमी होते हे खरे. परंतु उरलेल्या ४० टक्क्यांवर त्याला अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. चाळीस गुणिले अडीच म्हणजे शंभर. दहा गुंठ्यांचा मालक चार गुंठ्यांवर आला तरी दहा गुंठ्यांइतके बांधकाम करू शकतो. मग त्याचे गेले काय?

त्याची जमीन गेली, आणि मिळाली ती बांधण्याची परवानगी. जमिनीवर भात पिकते, वालाचे वेल चढतात, मुलाचे घर उभे राहते, अडीनडीला ती गहाण पडते. परवानगीवर यांतले काहीही होत नाही. परवानगीची किंमत तिला भांडवल भेटेपर्यंत शून्य असते. समजा, दहा गुंठ्यांच्या सात-बारावर चार भावंडांची नावे आहेत. परियोजनेनंतर प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर येतो. चार बाजूंची समासांतरे सोडायची, वाहनतळ दाखवायचे, वास्तुविशारदाची सही घ्यायची, शुल्क भरायचे आणि मग त्या तुकड्यावर अडीच पट इमला चढवायचा! हे त्या चौघांपैकी एकाच्याही ऐपतीत बसणारे नाही. तेव्हा ते चौघे विकासकाकडे जातात, किंवा अधिक खरे म्हणजे विकासकाचा माणूस त्यांच्याकडे अगोदरच येऊन बसलेला असतो. कागदावर शेतकऱ्याला परत मिळालेले शंभर टक्के हे अशा रीतीने बिल्डरच्या तिजोरीतच वटणारा धनादेश ठरतात.

इथे रस्त्याच्या रुंदीचा खरा अर्थ उघड होतो. आजच्या बांधकाम नियमावलींत रस्ता ही जाण्यायेण्याची वाट राहिलेली नाही. तो चटईक्षेत्र मोजण्याचा गज झालेला आहे. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक नियमावली आली. तिच्यात महानगरपालिकांच्या हद्दीत ९ मीटरहून अरुंद रस्त्यावरील भूखंडाला १.१ निर्देशांकापुढे जाता येत नाही, आणि ३० मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावरील भूखंडाला अधिमूल्य भरून व विकास हक्क विकत घेऊन ३ पर्यंत मजल मारता येते. नैनाच्या नियमावलीचा तपशील निराळा असला, तरी इमारतीची उंची समोरच्या रस्त्याशी बांधण्याचे तत्त्व तेच आहे. याचा अर्थ सरळ आहे. नकाशा आखणारा ज्याच्यासमोर रुंद रस्त्याची रेघ ओढतो त्याला तो श्रीमंत करतो आणि ज्याला गल्लीच्या टोकाचा तुकडा देतो त्याला विक्रेता करतो. एकाच शिवारातील, एकाच बांधाला लागून असलेली दोन शेते या एका रेघेने दोन वर्गांत विभागली जातात. ही रेघ कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून ओढली, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला मात्र हरकतीच्या अर्जापुरताच आहे.

या टीकेचा अर्थ असा नव्हे की नगररचना परियोजनेचे तत्त्वच चुकीचे आहे. समाजवादी विचाराला ते परके नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील कोंदट वस्त्यांचे भीषण स्वरूप उघडे पाडले आणि दोन वर्षांत तिथे सुधार न्यास स्थापन झाला. जर्मनीत फ्रँकफर्टचे महापौर आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ साली विखुरलेल्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांपुरती जागा काढून, उरलेली मालकांना पुन्हा वाटून देण्याचा कायदा झाला. त्याच धर्तीचा विचार १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमात आला आणि वांद्रे, सांताक्रूझ यांसारख्या उपनगरांतील रस्ते त्यातून घडले. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, ती समाजाने रस्ता, पाणी व वाहतूक आणल्यामुळे वाढते. म्हणून त्या अनर्जित वाढीतील वाटा समाजाने परत घ्यावा, हे तत्त्व न्याय्यच आहे. १९६६ च्या अधिनियमातही परियोजनेचा खर्च वाढीव मूल्याच्या निम्म्या मर्यादेपर्यंत मालकांकडून अंशदानरूपाने वसूल करण्याची तरतूद आहे.

तत्त्व न्याय्य आहे म्हणूनच त्याचा विपर्यास अधिक संतापजनक आहे. समाजाचा वाटा म्हणून घेतलेली जमीन समाजाकडे राहिली पाहिजे. परंतु या साठ टक्क्यांत केवळ रस्ते, शाळा, बगिचे आणि दुर्बल घटकांची घरे नाहीत; विकास केंद्रांच्या आणि विक्रीच्या भूखंडांच्या रूपाने बाजारात न्यायची जमीनही आहे. ती विकून पायाभूत सुविधांचा खर्च भागवायचा, असे समर्थन केले जाते. म्हणजे शेतकऱ्याने एकदा जमीन रस्त्यासाठी द्यायची आणि दुसऱ्यांदा त्या रस्त्याच्या खडी-डांबरासाठी द्यायची. शेजारच्या गुजरातेत नगररचना परियोजनांचा वापर महाराष्ट्रापेक्षा कितीतरी अधिक होतो. तिथे शहरांभोवतीच्या परियोजनांत मालकाकडून सामान्यतः ४० टक्क्यांच्या आसपास जमीन जाते. गुजरात हे काही समाजवादी राज्य नव्हे. तिथे जे मालकाच्या वाट्याला येते ते रायगडात प्राधिकरणाच्या वाट्याला का जावे, याचे उत्तर मिळायला हवे.

खाजगी विकासकाला हेच राज्य कोणत्या मापाने मोजते? तो स्वतःच्या जमिनीचा अभिन्यास मंजूर करून घेतो तेव्हा नियमाप्रमाणे अंतर्गत रस्ते सोडतो. ७५ मीटरपर्यंतच्या रस्त्याला ९ मीटर, त्याहून लांब असेल तर १२, १५, १८ मीटर. जमीन ०.४ हेक्टर वा अधिक असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडतो. जमीन याहून मोठी असेल तर सुविधांसाठी आणखी काही भाग राखतो. उरलेला प्रत्येक भूखंड त्याचा आणि त्याची किंमत ठरवणाराही तोच. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बागायतींत मुंबईकरांच्या दुसऱ्या घरांसाठी भूखंड विकणाऱ्या कोणाकडेही साठ टक्क्यांची मागणी कोणी केलेली नाही.

आणि जो नियम मुळीच पाळत नाही त्याचे काय होते? शहराशहरांच्या सीमेवर गुंठ्यागुंठ्यांनी जमीन विकून, बैलगाडीही वळणार नाही एवढी वाट ठेवून, वसाहती उभ्या करणारे दलाल पैसे घेऊन मोकळे झाले. १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड नियमित करण्यासाठी त्याच वर्षी गुंठेवारी कायदा आला. २०२१ साली ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढण्यात आली. त्या वसाहतींत घर घेणाऱ्या गरिबाला संरक्षण मिळाले हे योग्यच झाले. परंतु जमिनीचे तुकडे करून नफा कमावणाऱ्याकडून रस्त्याचा खर्च वसूल झाला नाही. तोही गरिबाच्याच माथी प्रशमन व विकास शुल्काच्या रूपाने आला.

याउलट ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली त्या गावांतील घरांकडे पाहा. कुटुंबे वाढली, गावठाणे वाढली नाहीत. मुलाचे लग्न झाले तेव्हा बापाने घराशेजारच्या, पूर्वी आपल्याच असलेल्या जमिनीवर दोन खोल्या काढल्या. शासनाच्या कागदावर ते अतिक्रमण झाले. लोकांनी त्याला नाव दिले, ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. या एका शब्दात जेवढे नियोजनशास्त्र आहे तेवढे प्राधिकरणाच्या साऱ्या नकाशांत नाही. ही घरे नियमित करण्याचे निर्णय पुनःपुन्हा घ्यावे लागले, २०२२ साली झाला, २०२४ साली पुन्हा झाला. गरज डोळ्यांसमोर दिसत असताना गावठाणाची हद्द आधी वाढवावी आणि शहराचा रस्ता नंतर आखावा, हा साधा क्रम अर्ध्या शतकात पाळता आला नाही.

या किनाऱ्याला टक्केवारीचा इतिहास नवा नाही. १९७० साली ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसवण्याचे ठरले आणि शेती, मिठागरे, खाजणे संपादनाखाली आली. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभा राहिला. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंड परत देण्याचा साडेबारा टक्क्यांचा निर्णय त्या रक्तातून निघाला, आणि तोही पुढे सामाजिक सुविधांच्या नावाने कापला जाऊन पावणेनऊ टक्क्यांवर आला. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी जमिनी देणाऱ्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे २०१४ साली वाटण्यात आली. पंचवीस वर्षांत बंदरातून किती माल गेला त्याची मोजदाद आहे. इरादापत्राची वाट पाहत किती म्हातारे गेले त्याची नाही. विमानतळासाठी साडेबावीस टक्के देण्यात आले. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

आता सांगितले जाते की साडेबारावरून साडेबावीसवर आणि साडेबावीसवरून चाळीसवर आलो, आणखी काय हवे? ही तुलना फसवी आहे. साडेबारा टक्क्यांच्या योजनेत भूसंपादनाचा मोबदला स्वतंत्र होता, भूखंड त्यावर होता. परियोजनेत मात्र गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि उरलेल्या भूखंडावरील अंशदान यांची वजावट होते. शेवटी शेतकऱ्याने घ्यायचे की द्यायचे, हे लवादाच्या तक्त्यावर ठरते. शिवाय चाळीस टक्के केव्हा मिळणार? नैनाची अधिसूचना निघून दहा वर्षे उलटली तरी बहुतेक गावांत नकाशावरचा रस्ता जमिनीवर उतरला नव्हता. रस्ता नाही म्हणून भूखंडाला किंमत नाही, आणि परियोजना लागू आहे म्हणून जमिनीवर मनाप्रमाणे काही करता येत नाही. या कोंडीत सापडलेला माणूस पहिल्या गरजेला विकतो. त्या वेळचा भाव रस्त्याअगोदरचा असतो. विकत घेणाऱ्याला मात्र रस्त्यानंतरचा मिळतो. ज्या अनर्जित वाढीवर समाजाचा हक्क सांगून शेतकऱ्याची जमीन घेतली, ती वाढ अशी वाटेतच गायब होते.

चळवळीनेही येथे स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. टक्क्यांची लढाई ही सात-बाऱ्यावर नाव असलेल्यांची लढाई आहे. ज्याचे नाव सात-बाऱ्यावर नाही त्याला साडेबाराही नाहीत, चाळीसही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या माळावर झोपडी बांधून राहिलेला कातकरी, मिठागरावर राबणारा मजूर, खाडीत जाळे टाकणारा आणि चिखलात निवट्या-खेकडे धरणारी बाई, यांच्या उपजीविकेवरून रस्ता गेला तर त्यांचा अंतिम भूखंड क्रमांक कोणता? परियोजनेच्या तक्त्यात मालक, क्षेत्र, मूळ भूखंड, अंतिम भूखंड असे रकाने असतात. श्रमाचा रकाना नसतो. मालकी हक्काच्या टक्केवारीत हा वर्ग विसरला गेला, तर उद्या शेतकऱ्यालाही एकाकी लढावे लागेल.

सामाईक कामासाठी झीज सोसायची, हे रायगडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. ही शेतीच सामाईक कष्टातून जन्मली आहे. समुद्राला बांध घालून, उघाड्या बसवून, खाऱ्या पाण्यातून भातजमीन काढणारे हे लोक आहेत. बांधाला खांड पडली की ज्यांची शेते त्या बांधाआड आहेत त्यांनी मिळून ती बुजवायची, या रिवाजाला इथे ‘जोळ’ म्हणतात. जोळाला कोणी नाही म्हणत नसे, कारण बांध सर्वांदेखत उभा राही, त्याच्या आडोशाला सर्वांची शेते वाचत आणि बांधाची माती कोणी विकून खात नसे. या तीन गोष्टी परियोजनेत आणा, शेतकरी रस्त्याला जमीन देईल. या तिन्ही तिच्यात आज नाहीत.

त्या आणायच्या तर मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, सरसकट साठ टक्क्यांची कपात बंद करून ती धारणेच्या प्रमाणात चढती असावी. जो अर्ध्या एकराखाली आहे त्याच्याकडून रस्त्यापुरतीच जमीन घ्यावी, आणि अधिसूचनेनंतर शेकडो गुंठे गोळा करून बसलेल्या कंपन्यांकडून अधिक घ्यावी. दुसरी, शेतकऱ्याच्या जमिनीतून विक्रीचे भूखंड काढू नयेत. पायाभूत सुविधांचा खर्च बांधकाम विकून नफा मिळवणाऱ्याकडून घ्यावा. तिसरी, गावठाण विस्तार आणि गरजेपोटीची घरे नकाशावर आधी यावीत, रस्ता त्यांना वळसा घालून जावा. चौथी, भूमिहीन, मच्छीमार आणि आदिवासी कुटुंबांना राहत्या जागेचा हक्क परियोजनेतच मिळावा. पाचवी, रस्ता प्रत्यक्ष झाल्याखेरीज कोणतेही अंशदान मागू नये. आणि सहावी, लहान धारकांच्या सहकारी संस्थांना बांधकामासाठी सार्वजनिक बँकांनी कर्ज द्यावे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन न विकता स्वतःच नगर वसवले. ते सहकारी नव्हे, कंपनीच्या चौकटीत झाले, आणि तिथे मोठे धारक होते, हे मान्य. परंतु शेतकऱ्याला रस्ता आखता येतो एवढे तरी त्याने सिद्ध केले.

या साऱ्यांच्या वर एक गोष्ट आहे, ती म्हणजे संमती. ती अशक्य आहे असे म्हणण्याची सोय शासनाला नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढा पेटला तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनानेच शेतकऱ्यांचे मत घेतले होते. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. जे २२ गावांत करता आले ते परियोजनेच्या प्रत्येक गावात करता येईल. मतपत्रिकेवर एवढाच प्रश्न असावा: हा नकाशा तुम्हांला मान्य आहे काय?

हा प्रश्न आता विचारणे निकडीचे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांवर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना आली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचा हा टापू सोपवण्यात आला. यातील कित्येक गावे आधी नैनात होती, काही खोपटा नवनगरात. प्राधिकरण बदलले, पाटी बदलली, शिवार तेच राहिले. या गावांत भूखंड कोणत्या प्रमाणात पाडायचे आणि रस्ते कोणाच्या शेतातून न्यायचे, याचे मोजमाप नैनाच्या साठ टक्क्यांवरून ठरू द्यायचे की नाही, याचा निर्णय रस्त्यांच्या निविदा निघण्यापूर्वी झाला पाहिजे. त्यानंतर तो होत नाही, हा पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि सहा वर्षे शेते पडीक ठेवून उपास काढले. खोताचा वाटाही त्या काळी नियमानेच ठरत होता आणि तोही निसर्गनियमासारखा अटळ भासत होता. तो अटळ नव्हता, हे चरीच्या कुळांनी दाखवून दिले. साठ टक्क्यांचा नियमही तसाच माणसांनी केलेला आहे. तो बदलण्याचे बळ या किनाऱ्यावर आहे. मात्र ते सात-बारावाला आणि बिनसात-बारावाला एका बांधावर उभे राहतील तेव्हाच एकवटेल.